वंशभेद कशाला म्हणावे?

'वंशभेद' हा शब्द वर्तमानपत्रात पुष्कळदा येतो. शब्द जड आहे. ज्याच्या माथी तो बसला त्याची अब्रू जाते. म्हणून त्याचा अर्थ आपण नीट पाहू.

रंग, चेहरा, मूळ देश यांवरून माणसांचे मोठे गट पाडतात. त्यांना वंश म्हणण्याची रीत पडली आहे. एका गटाला जन्मावरूनच हलके मानायचे आणि त्याचे हक्क काढून घ्यायचे, हा वंशभेद.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण घ्या. तेथे १९५० साली कायदा झाला आणि प्रत्येक माणसाच्या वंशाची सरकारी नोंद झाली. कोणी कोठे राहावे, कोणत्या शाळेत जावे, हे त्या नोंदीवरून ठरे. देशात काळे लोक जास्त, पण त्यांना मत नव्हते! १९९४ साली सर्वांनी मत दिले, तेव्हा ते राज्य संपले. हा उघड वंशभेद. याबद्दल वाद नाही.

आता अवघड प्रश्न. आपल्याकडचा जातिभेद हाही वंशभेदच का?

२००१ साली त्याच देशात, डर्बन शहरी, संयुक्त राष्ट्रांची वंशभेदाविरुद्ध परिषद भरली. आपल्या दलित संघटना तेथे गेल्या. जातीचे गाऱ्हाणेही येथे ऐका, असे त्यांचे म्हणणे. भारत सरकारचे म्हणणे, जात म्हणजे वंश नव्हे.

यात खरे काय? एकाच मुलखातले ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने निराळे नाहीत, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवले होते. तेव्हा जात आणि वंश हे शब्द एक नव्हेत. पण वंशभेदाविरुद्ध १९६५ साली जो जागतिक करार झाला, त्यात वंश आणि रंग यांच्या जोडीला 'जन्मकूळ' हाही शब्द आहे. त्यात जातही येते, असे कराराच्या समितीने २००२ साली सांगितले.

आम्हांला असे वाटते, की नावे निराळी ठेवावीत. पण नाव बदलले म्हणून दोष हलका होत नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. पाणी अडवणाऱ्याला काहीही नाव द्या, तहानलेल्याचा घसा कोरडा तो कोरडाच. आपल्या घटनेच्या १५ व्या कलमात वंश आणि जात हे दोन्ही शब्द वेगवेगळे लिहिले आहेत, आणि दोन्हींवरून भेद करायला बंदी आहे.

आता गावातले पाहा. बांधावरून दोघांची जुंपली. दोघे निराळ्या जातीचे. एवढ्यावरून तो जातिभेद होत नाही. भांडताना एकाने दुसऱ्याची जात काढली, की झाला! आणि चहाच्या दुकानात एखाद्याची कपबशी जातीवरून वेगळी ठेवली, तर तोंडातून वाईट शब्द न काढताही तो जातिभेदच.

म्हणून जड शब्द बोलण्याआधी तीन गोष्टी विचारा. नेमके काय केले? कोणाचे काय गेले? आणि आपल्याच जातीच्या माणसाशी तो असाच वागला असता का?

उगाच 'लांडगा आला' म्हणून ओरडले, तर खरा लांडगा येतो तेव्हा कोणी धावत नाही. आणि लांडगा समोर उभा असताना, त्याला लांडगा म्हणावे की कोल्हा, असा वाद घालणेही बरे नव्हे.