कॉलेजची मुलं पडद्यावर

गेल्या पंधरा वर्षांतले माझ्या विद्यार्थ्यांचे लघुपट अलीकडे पुन्हा लावून पाहिले. गोष्टींपेक्षा कपडेच जास्त बोलले. वीस-बावीस वर्षांची मुलं आपल्याच वयाची पात्रं उभी करत होती. तरी सुरुवातीच्या फिल्मांत दिसतं ते मालिकांमधलं तारुण्य: घडी न मोडलेला शर्ट, नवे बूट, झोपेतून उठलेल्या नायिकेच्या ओठांवर लिपस्टिक.

रंगभूषा आली होती एकांकिकेतून. पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा १९६३पासून चालू आहे. त्या वळणाच्या तालमींत तयार झालेल्या मुलांना शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा चेहरा रंगवता यायचा. कॅमेरा मात्र अगदी जवळून बघतो. फुल एचडी चित्रण करणारा पहिला डीएसएलआर, कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू, २००८ साली जाहीर झाला. पुढे असे कॅमेरे भाड्याने मिळू लागले आणि गालावरचा पॅनस्टिकचा थर, चेहरा उजळ नि मान सावळी, सगळं उघडं पडलं.

मोठ्या पडद्यावर 'दुनियादारी' (२०१३) आला तेव्हा तिशी ओलांडलेले नट कॉलेजकुमार झाले होते आणि लोकांनी ते आनंदानं मान्य केलं. माझ्या लेखी खरा फरक 'फँड्री'नं (२०१४) पाडला. त्यातल्या जब्याला जीन्स हवी असते. जी पँट अंगावर नाही, तीच त्या पोराबद्दल सगळं सांगून जाते. 'सैराट' (२०१६) नंतर तर मुलं स्वतःचं, भावंडांचं कपाट उघडू लागली.

त्याच सुमाराचा एक लघुपट मला फार आवडतो. स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत राहिलेला मुलगा आणि नोकरी करणारी मुलगी. मुलाचा शर्ट गावच्या शिंप्यानं शिवलेला, खांद्यावर किंचित उतरलेला. वेशभूषा करणाऱ्या मुलीनं तो पुन्हा पुन्हा धुतला, चहाच्या पाण्यात बुडवला आणि सॅकचा पट्टा जिथे घासतो तेवढाच भाग प्युमिस दगडानं विरवला. मुलगी स्कूटरवर, चेहऱ्याला पुण्याच्या पद्धतीचा स्कार्फ, उघडे फक्त डोळे. घरी येऊन ती स्कार्फ सोडते तेव्हा डोळ्यांभोवती उन्हानं रापलेला पट्टा दिसतो. तो पट्टा रंगवलेला होता, एकच छटा गडद, कडा बोटानं पुसून टाकलेल्या. तिच्या रोजच्या धावपळीबद्दल संवादात एक अक्षर नाही, आणि गरजही नव्हती.

पुरळाचंही तसंच. सलग काही दिवसांच्या चित्रीकरणात एखाद्याला मध्येच पुटकुळी येते. पूर्वी ती कन्सीलरखाली जायची. आता कंटिन्युइटीच्या फोटोंत तिची जागा नोंदवतात आणि ती बसली तर लाल-गुलाबी रंगानं पुन्हा काढतात. ही शिस्त मला कुठल्याही महागड्या पोशाखापेक्षा मोलाची वाटते.

एक गोष्ट अजून हटत नाही. फाउंडेशन विकत घेताना मुली-मुलं आपल्या रंगापेक्षा एक छटा उजळच उचलतात, सावळ्या नायिकेसाठीसुद्धा. २०२०मध्ये 'फेअर अँड लव्हली'नं नावातला 'फेअर' काढला, पण हाताची सवय तशी निघत नाही. म्हणून चित्रीकरणाआधी मी नटाला दारापाशी, दिवसाच्या उजेडात उभं करते आणि छटा गालावर नाही, जबड्याच्या कडेला लावून बघायला सांगते. दर वर्षी त्यावरून वाद होतो, आणि दर वर्षी मी तो घालते.