न उडालेल्या विमानाची बांधणी

प्रतिकृतिकला म्हणजे खरी वस्तू ठरावीक प्रमाणात लहान करून हुबेहूब घडवण्याची कला, अशी व्याख्या सर्वसाधारणपणे केली जाते. परंतु या कलेची एक शाखा अशी आहे की तिच्यात खरी वस्तूच अस्तित्वात नसते. चित्रपटात, चित्रकथेत किंवा एखाद्या चित्रकाराच्या वहीतच उडालेले विमान प्लॅस्टिक, राळ आणि रंग यांच्या साहाय्याने हातात धरता येईल असे बांधायचे, हा या शाखेचा उद्योग आहे. खऱ्या विमानाची प्रतिकृती करणाऱ्याला कारखान्याचे आराखडे, छायाचित्रे आणि संग्रहालयात जपलेले प्रत्यक्ष यंत्र यांचा आधार असतो, तर काल्पनिक विमान बांधणाऱ्याजवळ काही चित्रे असतात आणि तीही पुष्कळदा एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून या कामात मोकळीक अधिक आणि कष्ट कमी असा समज होतो. वास्तविक येथे प्रत्येक सांध्याचा, प्रत्येक डागाचा निर्णय कारागिराला स्वतःच्या विचाराने घ्यावा लागतो आणि तो निर्णय खऱ्या यंत्रांच्या ज्ञानावर उभा नसेल, तर सुबक प्रतिकृतीही खेळण्यासारखी दिसते.

विमानांच्या प्लॅस्टिक संचांचा इतिहास इंग्लंडमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने निघालेल्या सेल्युलोज अॅसिटेटच्या संचांपासून मोजला जातो. त्यांचे प्रमाण १/७२ होते. या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंच भरतो, त्यामुळे फूट-इंचांत विचार करणाऱ्यांना ते सोयीचे होते. दुसऱ्या महायुद्धात आकाशातले विमान आपले की शत्रूचे हे ओळखण्याच्या शिक्षणासाठी याच प्रमाणातल्या प्रतिकृती वापरल्या गेल्या आणि १९४२ साली अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून अशी लाखो लाकडी विमाने करवून घेण्याची मोहीम काढली. युद्धानंतर पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक रूढ झाले. वितळलेले पॉलिस्टायरीन मोठ्या दाबाने धातूच्या साच्यात घालून सुटे भाग काढण्याची ही पद्धत जलद आहे, परंतु साचा इतका महाग असतो की हजारो संच खपल्याशिवाय त्याची किंमत वसूल होत नाही. साहजिकच कारखान्यांनी स्पिटफायरसारखी सर्वांना ठाऊक असलेली विमाने निवडली आणि कल्पनेतल्या विमानांच्या वाट्याला हा साचा क्वचितच आला.

ही अडचण सोडवण्याचा एक मोठा प्रयत्न जपानमध्ये १९८०च्या दशकात झाला. तेथील हौशी कारागीर मूळ नमुना हाताने घडवत, त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा घेत आणि त्या साच्यात दोन द्रव मिसळून घट्ट होणारी पॉलियुरेथेन राळ भरून थोडेच संच काढत. घरच्या घरी होणाऱ्या या उत्पादनाला ‘गॅरेज किट’ असे नाव पडले आणि त्याच दशकात सुरू झालेला ‘वंडर फेस्टिव्हल’ हा मेळा अशा संचांची मोठी बाजारपेठ ठरला. या मेळ्यासाठी विकसित झालेली परवान्याची पद्धत उल्लेखनीय आहे. चित्रपटाचे किंवा चित्रकथेचे हक्क ज्यांच्याकडे आहेत ते हौशी कारागिराला केवळ मेळ्याच्या दिवसापुरती विक्रीची परवानगी देतात. त्यामुळे मूळ निर्मात्याचा हक्क अबाधित राहतो आणि हौशी कलेलाही उजेडात येण्याची वाट मिळते. मात्र रबरी साचा काही ओतकामांनंतर फाटू लागतो, राळेत हवेचे बुडबुडे अडकतात आणि मूळ नमुना हातानेच करावा लागत असल्याने पंखांची उजवी-डावी बाजू तंतोतंत सारखी करणे अवघड जाते.

रेझिन (राळ) छपाईने या तिन्ही अडचणींना एकदम हात घातला. प्रकाश पडताच घट्ट होणाऱ्या राळेचे पातळ थर एकावर एक रचून वस्तू घडवण्याचे तंत्र नागोया येथील हिदेओ कोदामा यांनी १९८०च्या सुमारास मांडले, तर अमेरिकेत चक हल यांना अशा यंत्राचे पेटंट १९८६ साली मिळाले. आज हौशी कारागिरांच्या टेबलावर दिसणाऱ्या यंत्रात राळेचे उथळ पात्र असते, त्याचा तळ पारदर्शक पडद्याचा असतो आणि त्याखाली मोबाइलच्या पडद्यासारखा एलसीडी बसवलेला असतो. ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळट प्रकाश एलसीडीच्या उघड्या भागांतून वर जातो व तेवढाच राळेचा थर घट्ट करतो. मग वरची पाटी किंचित उचलली जाते आणि पुढचा थर सुरू होतो. थराची जाडी बहुधा ०.०५ मिलिमीटर ठेवतात. १/४८ प्रमाणात ही जाडी खऱ्या विमानावरच्या २.४ मिलिमीटरएवढी होते, म्हणजे खिळ्याच्या डोक्याहून लहान तपशीलही थरांच्या पायऱ्यांत हरवण्याची भीती असते. म्हणून छपाईपूर्वी संगणकावर भाग कसा कलता ठेवायचा हा निर्णय कळीचा ठरतो. रुंद पंख आडवा छापला तर प्रत्येक थर सुटताना पडद्याची ओढ मोठ्या क्षेत्रावर पडून भाग विद्रूप होतो. कलता छापला तर ओढ कमी होते, पण वक्र पृष्ठावर थरांच्या रेषा दिसू शकतात. भाग पाटीला धरून राहावा यासाठी छापलेले बारीक खांब, म्हणजे आधार, शक्यतो न दिसणाऱ्या बाजूला घेतात, कारण त्यांच्या टोकांचे व्रण नंतर घासून काढावे लागतात.

या कलेचा कस पाहण्यासाठी हायाओ मियाझाकी यांच्या १९९२ सालच्या ‘पोर्को रोस्सो’ या चित्रपटातले सॅव्होइया एस. २१ हे लाल जलविमान योग्य उदाहरण आहे. चित्रपटाचे बीज मियाझाकी यांनी ‘मॉडेल ग्राफिक्स’ या प्रतिकृतिकलेच्याच मासिकात प्रसिद्ध केलेल्या चित्रकथेत होते, त्यामुळे हे विमान आरंभापासून प्रतिकृतिकारांच्या जगातले आहे. एस. २१ नावाचे खरे विमान इटलीत १९२१च्या सुमारास झाले होते, परंतु ते दुपंखी होते. चित्रपटातले विमान एकपंखी असून त्याचा बांधा १९२५च्या श्नायडर चषकाच्या शर्यतीसाठी बनवलेल्या मॅकी एम. ३३ या जलविमानाच्या जवळ जातो. त्याच चित्रपटातल्या प्रतिस्पर्धी वैमानिकाचे विमान अमेरिकेच्या कर्टिस आर३सी या शर्यतीच्या विमानावर बेतलेले आहे. १९२५ सालचा श्नायडर चषक वैमानिक जिम्मी डूलिटल यांनी ज्या आर३सी-२ विमानातून जिंकला ते स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आजही आहे. म्हणजे एकाच कथेतल्या दोन विमानांपैकी एकाच्या मुळाशी प्रत्यक्ष यंत्राची मापे आहेत आणि दुसऱ्याची मापे चित्रकाराच्या रेषांतूनच काढावी लागतात. या लाल विमानाचे साच्यातून काढलेले प्लॅस्टिक संच जपानच्या फाइन मोल्ड्स या कंपनीने केले आहेत. रेझिन छपाईत असेच विमान बांधायचे झाल्यास काम कोणत्या क्रमाने जाते, हे पुढे पाहू.

यंत्रातून निघालेला भाग चिकट, अर्धवट घट्ट झालेला असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून, मग अतिनील प्रकाशात पक्का केला जातो. ही घाई करण्याची जागा नव्हे. ओली राळ त्वचेला लागत राहिली तर कायमची अॅलर्जी जडू शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे आणि खेळती हवा अत्यावश्यक आहे, तसेच राळमिश्रित अल्कोहोल मोरीत ओतणे वर्ज्य आहे. वजन व राळ वाचवण्यासाठी विमानाचे धड पोकळ छापतात. त्याला निचऱ्याची छिद्रे ठेवून आतली ओली राळ धुतली नाही, तर ती महिन्यांनंतरही भिंतीतून पाझरते आणि वरचा रंग उचलते. भाग पक्का होण्यापूर्वीच आधार कोमट पाण्यात मऊ करून काढले की व्रण लहान राहतात. उरलेले उंचवटे कानशीने आणि पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासतात. पाण्यामुळे आरोग्याला घातक असलेली राळेची धूळ उडत नाही.

जोडणीत रेझिनचा स्वभाव प्लॅस्टिकहून निराळा पडतो. पॉलिस्टायरीनचा गोंद दोन्ही कडा विरघळवून त्यांना एकजीव करतो, परंतु छापलेली राळ त्यात विरघळत नाही. तेथे फेव्हिक्विकच्या जातीचा सायनोअॅक्रिलेट गोंद किंवा दोन भाग मिसळून लावायचे इपॉक्सी वापरावे लागते. हे गोंद पृष्ठभागाला नुसते धरतात, म्हणून भार सोसणाऱ्या सांध्यात बारीक छिद्रे पाडून पितळी तारेच्या खुंट्या घालतात. सॅव्होइयाचे इंजिन धडाच्या वर आधारदांड्यांवर उभे आहे. राळेच्या दांड्या ठिसूळ असल्याने त्या पितळेच्या केल्या तरच पंख व इंजिन वर्षानुवर्षे सरळ राहतात. फटीत लांबी भरून घासणे, पुन्हा पाहणे व पुन्हा भरणे हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळता येत नाही, कारण चकचकीत लाल रंग अगदी लहान खळगाही उघडा पाडतो.

याच टप्प्यावर विमानशास्त्राचे ज्ञान लागते. जलविमानाचे धड नौकेसारखे असते आणि त्याच्या तळाला मध्यावर एक ठळक पायरी असते. वेगात धावताना पाणी तळाला चिकटून विमानाला खाली ओढते. पायरीशी प्रवाह तुटतो, तेथे हवा शिरते आणि विमान पाण्यावरून सुटू शकते. घासण्याच्या भरात ही पायरी गोलसर झाली, तर जाणकाराच्या नजरेला विमान पाण्यातून उठणार नाही असे वाटते. काल्पनिक यंत्राचा खरेपणा अशा कार्यकारणात असतो: प्रत्येक आकाराला उडण्याशी, तरंगण्याशी किंवा दुरुस्तीशी काही देणेघेणे आहे, हे प्रतिकृतीत दिसले पाहिजे.

रंगकामाचा पाया अस्तराचा. करड्या प्रायमरचा पातळ थर रंगाला पकड देतो आणि घासण्यात राहून गेलेल्या थररेषा दाखवतो; पेणचे गणेशमूर्तिकार मूर्तीवर आधी पांढरा हात देऊन मगच रंगाला लागतात, त्यामागेही पृष्ठभाग एकसारखा करण्याचाच विचार असतो. लाल रंग अंगाने पारदर्शक असल्यामुळे खालच्या अस्तराचा परिणाम त्यावर पडतो. करड्यावर तो मळकट दिसतो, गुलाबी किंवा पांढऱ्या अस्तरावर तेजस्वी दिसतो. तो एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचे धुके फवारणाऱ्या पेनाएवढ्या साधनाने, अनेक पातळ हातांत चढवावा लागतो. सावलीसाठी त्यात काळा मिसळला तर रंग मरतो, म्हणून तपकिरी घेतात. उजेडासाठी पांढरा मिसळला तर तो गुलाबी होतो, म्हणून नारिंगी घेतात. शिवाय दूरचे मोठे यंत्र हवेमुळे थोडे फिके दिसते, त्यामुळे लहान प्रतिकृतीवर मूळ रंगापेक्षा किंचित मवाळ छटा दिली की आकाराचा भास अधिक खरा होतो.

रंग वाळल्यावर चकचकीत वॉर्निशचा हात देऊन त्यावर इटलीच्या ध्वजाचे पट्टे व अक्षरे, म्हणजे पाण्याने सुटणारी पातळ डिकॅल चित्रे, बसवतात. खरबरीत पृष्ठावर त्यांच्याखाली हवा राहून रुपेरी झाक दिसते, म्हणून हा गुळगुळीत हात आवश्यक असतो. त्यानंतर येते जुनेपणाचे काम आणि येथेच विचार न करणारा हात उघडा पडतो. युद्धविमानांवर रंगाचे टवके उडून खालचे अॅल्युमिनियम चमकताना दाखवण्याची सवय अनेकांना असते, परंतु चित्रपटातल्या सॅव्होइयाचे धड लाकडी आहे आणि मिलानच्या कार्यशाळेत ते लाकडातच पुन्हा बांधले जाते. लाकडावर रुपेरी टवका पडूच शकत नाही. तेथे अस्तराचा किंवा लाकडाचा रंग दिसला पाहिजे, तर धातूची चमक इंजिनाच्या आवरणापुरती राहिली पाहिजे. धूर इंजिनाच्या नळ्यांपासून मागे वाऱ्याच्या दिशेने जातो, क्षार पाणरेषेजवळ साठतो आणि वैमानिक चढतो तेथेच रंग झिजतो. पातळ केलेल्या तेलरंगाने सांध्यांच्या रेषा उठवताना, तसेच ताणाच्या तारांसाठी ०.१ मिलिमीटर जाडीचा दोरा ओढताना हाच प्रश्न विचारायचा असतो: हे यंत्र कोणी वापरले, कोठे ठेवले, कशाने मळले?

अशी छपाई करता येत असल्याने संचाचा व्यवहारही बदलला आहे. पूर्वी पेटीत बंद सुटे भाग विकले जात. आता संगणकावरची फाइलही विकली जाते आणि घेणारा आपल्या यंत्रावर ती छापतो. फाइलची नक्कल करणे सोपे असल्याने मूळ चित्रकाराचा व आराखडा करणाऱ्याचा हक्क सहज तुडवला जाऊ शकतो. जपानी मेळ्यांतल्या एका दिवसाच्या परवान्यामागची समजूत, म्हणजे हौस आणि हक्क यांना एकत्र नांदता येते हा विश्वास, या नव्या बाजारातही रुजवण्याची गरज आहे. फाइलवर खर्च झालेले महिने दिसत नसले तरी ते कोणाच्या तरी नजरेचे व अभ्यासाचे श्रम असतात आणि त्यांची किंमत देणे हा या कलेच्या प्रामाणिकपणाचा भाग आहे.

यंत्राने या कलेतून काय काढून घेतले आणि काय शिल्लक ठेवले, याचा हिशोब स्पष्ट आहे. समान पंख, बारीक खिळे, नियमित वक्र हे आता छापता येतात आणि त्यासाठी पूर्वी लागणारे हाताचे कष्ट वाचले आहेत. पायरी का टोकदार हवी, टवका कोणत्या रंगाचा हवा, तार कोठे ताणलेली असावी हे मात्र यंत्राला ठाऊक नाही. ते जाणण्यासाठी खरी विमाने, त्यांची लाकडे, इंजिने आणि त्यांच्यावर काम करणारी माणसे अभ्यासावी लागतात. म्हणून काल्पनिक विमानाची उत्तम प्रतिकृती हे वास्तवाच्या दीर्घ निरीक्षणाचे फळ ठरते, आणि ज्या कारागिराने हे निरीक्षण केले आहे त्याच्या हातून बांधलेले विमान, जगात कधीही न उडताही, उडू शकले असते असे पाहणाऱ्याला पटवून देते.