मेथीच्या वाफ्यातले पिवळे डाग

गटाच्या परसबागेत मेथीच्या वाफ्यात ताटलीएवढे पिवळे डाग पडले, तेव्हा आम्ही आधी बियाण्याला नावं ठेवली. मग फवारणीचं ठरलं. पण नीट पाहिलं, तर मधली मेथी करपलेली आणि कडेची मात्र गर्द हिरवी! रोग असा नसतो. गल्लीतली कुत्री रोज पहाटे तिथे बसून जायची.

कुत्र्याच्या लघवीत युरिया आणि क्षार असतात. युरियाची मूठ एकाच जागी सांडली की रोप जळतं, तसंच हे. कडेला थोडंच पोचतं, तिथे त्याचं खत होतं.

डोळ्यांदेखत झालं तर लगेच बादलीभर पाणी ओता. जुन्या डागातली रोपं उपटा, माती हलवा, दोन-तीनदा भरपूर पाणी मुरवा, मग कुजलेलं शेणखत मिसळून पुन्हा पेरा. खायचा सोडा टाकू नका, तोही क्षारच.

कडेची हिरवीगार मेथी जुडीत घालायचा मोह आम्हालाही झाला. घालू नका. कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोचा आजार होऊ शकतो. तिथे काम केल्यावर हात साबणाने धुवा.

आम्ही आता वाफ्याभोवती बाभळीच्या काट्या रोवून जुन्या साड्या बांधल्यात.