किती सोडवावे, किती सोडावे?

परीक्षांचा हंगाम जवळ आला म्हणजे आम्हां शिक्षकांच्या दारी एक प्रश्न हटकून येतो. विद्यार्थी विचारतो, "सर, शंभरांतले किती प्रश्न सोडवू?" त्याच्याबरोबर आलेले वडील अधिक घाईत असतात. ते म्हणतात, "तुम्ही एक आकडा सांगून टाका सर, म्हणजे पोरगा तेवढे करील." चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा होतात अशा परीक्षांविषयी हे बोलणे असते, हे श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. मी गेली वीस वर्षे गणित शिकवितो. आकडा सांगून मोकळे होण्याचा मोह मलाही होत असे. आकडा नव्हे, पण आकड्याइतकाच आंधळा असा एक नियम मी एकदा सांगितला. त्याचे काय झाले ते आरंभीच सांगतो, कारण आजचे हे बोलणे त्या चुकीतूनच निघालेले आहे.

२०१९ सालची गोष्ट. आमच्या शाळेतून गेलेली एक मुलगी वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेस बसणार होती. एकशे ऐंशी प्रश्न, सातशे वीस गुण. बरोबर उत्तरास चार गुण मिळावयाचे, चुकीच्या उत्तरास एक गुण जावयाचा, आणि कोऱ्या प्रश्नास काहीच नाही. मुलगी अभ्यासू, पण स्वभावाने भित्री. मी तिला म्हटले, "खात्री असेल तेवढेच सोडव. जिथे मन कचरते तिथे हात लावू नकोस." तिने माझा शब्द तंतोतंत पाळला. एकशे अडतीस प्रश्न सोडविले, त्यांतले एकशे अठरा बरोबर आले, वीस चुकले. चारशे बाहत्तरांतून वीस गेले, उरले चारशे बावन्न. तिला हव्या असलेल्या जागेसाठी नऊ गुण कमी पडले.

या परीक्षेची प्रश्नपत्रिका घरी नेता येते. ती घेऊन मुलगी माझ्याकडे आली. कोऱ्या ठेवलेल्या बेचाळीस प्रश्नांपैकी सव्वीस प्रश्नांत तिने दोन-दोन पर्यायांवर फुल्या मारलेल्या होत्या. म्हणजे हे दोन निश्चित नव्हेत, इतके तिला कळले होते. राहिलेल्या दोहोंपैकी कोणता, एवढेच ठरत नव्हते. मी कागद घेऊन हिशेब मांडला. सव्वीसांपैकी निम्मे बरोबर आले असते, तर बावन्न मिळून तेरा गेले असते, म्हणजे एकोणचाळीस गुण पदरात पडले असते. पण निम्म्याचीही गरज नव्हती. नुसते सात बरोबर आणि एकोणीस चूक, असे झाले असते तरी अठ्ठावीस वजा एकोणीस म्हणजे नेमके नऊ गुण मिळाले असते. डोळे मिटून बोट ठेवले तरी सव्वीसांत सहासात बरोबर येतातच. तो कागद तिला दाखवावा की नाही, याचा मी बराच वेळ विचार केला. शेवटी दाखविला. ती काही बोलली नाही. मला मात्र कळले की, गणिताचा शिक्षक असूनही मी तिला गणित सोडून भीतीच शिकविली होती.

आता ही वजाबाकी मुळात कशासाठी असते ते पाहू. पुष्कळांची अशी समजूत असते की, चुकणाऱ्यास शासन करावे म्हणून परीक्षक गुण कापतात. तसे नाही. चार पर्यायांच्या प्रश्नात काहीही न येणारा मनुष्यदेखील अंदाजपंचे चारांत एक बरोबर आणतो. हा फुकटचा लाभ काढून घेणे, एवढाच मूळ हेतू. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचे शंभर प्रश्न असतात. प्रत्येकास दोन गुण, आणि चुकीस त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे ०.६६ गुण, वजा. चार प्रश्न डोळे मिटून सोडविले असे समजा. एक बरोबर आला, दोन गुण मिळाले. तीन चुकले, तीन वेळा दोन तृतीयांश म्हणजे पुन्हा दोनच गुण गेले. बाकी शून्य. पर्याय चार तेव्हा तृतीयांश, पर्याय पाच तेव्हा चतुर्थांश, असे हे माप आहे. बँकांच्या परीक्षांत पाच पर्याय आणि पाव गुणाची कपात असते, ती याच हिशेबाने.

पण सगळ्याच परीक्षा हे माप पाळीत नाहीत. 'नीट'मध्ये पर्याय चार, आणि कपात मात्र चतुर्थांशच. चार प्रश्नांत एक बरोबर आला तर चार गुण येतात, तीन चुकले तर तीन जातात. एक गुण शिल्लक राहतो. म्हणजे तेथे निव्वळ अंदाजदेखील सरासरीने तोट्याचा नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही पूर्वीचे तृतीयांशाचे प्रमाण बदलून चतुर्थांश केले आहे. उलट महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेश परीक्षेत आणि कर्नाटकाच्या तशाच परीक्षेत काहीच वजा होत नाही. तेथे वर्तुळ कोरे ठेवणे म्हणजे दारी आलेले परतविणे होय. आमच्या सीमाभागातली मुले थोड्याच दिवसांच्या अंतराने कर्नाटकाची परीक्षाही देतात आणि 'नीट'ही देतात. एका ठिकाणची सवय दुसरीकडे घेऊन जातात, आणि दोन्हीकडे फसतात. तेव्हा मुलाला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की बाबा, तुझ्या परीक्षेत पर्याय किती आणि कपात किती?

नुसत्या अंदाजाला शून्य किंमत असेल, तर एक पर्याय जरी खात्रीने खोडता आला तरी पारडे आपल्याकडे झुकते. आयोगाच्या परीक्षेत तीन पर्याय उरले असता तीन प्रश्नांमागे दोन गुण येतात आणि सव्वा-दीड गुण जातो. दोन पर्याय उरले असता दोन प्रश्नांमागे दोन गुण येतात आणि पाऊण गुणाहूनही कमी जातो. म्हणून किती प्रश्न सोडवावेत, हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. निर्णय शंभर प्रश्नांचा मिळून करावयाचा नसतो, एकेका प्रश्नापुरता करावयाचा असतो. त्यांची बेरीज साठ भरेल किंवा नव्वद भरेल. ती शेवटी मोजावी, आरंभी नव्हे. शिवाय आकडा ठरविण्यास आधार तरी कोठला? याच पूर्वपरीक्षेत सर्वसाधारण वर्गाची किमान गुणरेषा २०१९ साली दोनशेपैकी ९८ होती, आणि २०२३ साली ती ७५.४१ वर आली. पत्रिका अवघड निघाली की कालचा आकडा आज निरुपयोगी होतो.

येथवर हिशेब सोपा आहे. खरी अडचण 'खात्रीने खोडणे' या शब्दांत आहे, आणि तेथे जरा थांबले पाहिजे.

मी वर्गात एक प्रश्न घालतो. खानापूर तालुक्यात उगम पावून अरबी समुद्रास मिळणारी नदी कोणती? पर्याय: घटप्रभा, मलप्रभा, म्हादई, भीमा. ज्या मुलाला यातले काहीच ठाऊक नाही, तो चारांत एक या हिशेबाने कधी बरोबर येतो, कधी चुकतो. पण ज्याने कणकुंबीस मलप्रभेचा उगम पाहिलेला आहे, तो 'खानापूर' हा शब्द दिसताच मलप्रभेवर खूण करतो आणि समाधानाने पुढे जातो. मलप्रभा कृष्णेस मिळते, हे त्याला माहीत असूनही आठवत नाही. प्रश्न काढणारा मनुष्य हेच जाणून तो पर्याय तेथे ठेवीत असतो. याचा अर्थ असा की, अर्धवट ज्ञान काही वेळा अज्ञानाहून महाग पडते. कोऱ्या अज्ञानाला निदान चतुर्थांश तरी हमी आहे. अर्ध्या ज्ञानासाठी सापळा लावलेला असतो.

याचे प्रत्यंतर मला दुसऱ्या एका विद्यार्थ्याने दिले. तो २०२३ साली नागरी सेवा पूर्वपरीक्षेस बसला होता. त्याला कोणीतरी सांगितले होते की, नव्वदांच्या खाली उतरूच नका. त्याने शहाण्णव प्रश्न सोडविले. नंतर आम्ही उत्तरे ताडून पाहिली. पहिल्या फेरीत त्याने विचार करून सोडविलेले अठ्ठावन्न होते, त्यांत एकोणचाळीस बरोबर. आकडा भरण्यासाठी शेवटच्या अर्ध्या तासात ठोकून दिलेले अडतीस होते, त्यांत बरोबर फक्त सात. डोळे मिटून केले असते तर नऊ-दहा आले असते! त्या अडतिसांनी त्याचे सुमारे साडेसहा गुण नेले. पण मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. ते अडतीस सोडले असते तरी त्याची बेरीज सुमारे पासष्टच होती, गुणरेषेच्या दहा गुण खाली. त्याचा पराभव अंदाजाने केला नव्हता. तो अभ्यासातच झाला होता. प्रश्नांच्या संख्येवर वाद घालणाऱ्या बऱ्याच जणांचे दुखणे हेच असते, आणि ते उघड बोलावयास कोणी तयार नसते.

त्याच साली प्रश्नांची धाटणीही पालटलेली होती, हे येथे सांगितले पाहिजे. तीन विधाने द्यावयाची आणि 'केवळ पहिले आणि दुसरे', 'केवळ दुसरे आणि तिसरे' असे पर्याय ठेवावयाचे, ही जुनी रीत. तिच्यात एक विधान चूक आहे एवढे कळले तरी दोन-तीन पर्याय एकदम गळून पडत. २०२३ साली पुष्कळ प्रश्नांत 'यांपैकी किती विधाने बरोबर आहेत' असे विचारून 'फक्त एक', 'फक्त दोन', 'तिन्ही', 'एकही नाही' असे पर्याय दिले गेले. येथे एक विधान चूक आहे हे कळून केवळ 'तिन्ही' हा पर्याय जातो. म्हणजे तेवढ्याच ज्ञानाची किंमत उतरली. खोडण्याची युक्ती शिकून आलेल्यांना त्या वर्षी ती फारशी उपयोगी पडली नसेल, याचे मला नवल वाटत नाही.

मग आपले खोडणे खरे की भास, हे कळावे कसे? त्यासाठी मी मुलांना एक वही घालावयास सांगतो. घरी सराव पत्रिका सोडविताना प्रत्येक प्रश्नाच्या समासात एक अक्षर लिहावे: 'ख' म्हणजे खात्री, 'दो' म्हणजे दोन पर्याय उरले, 'ती' म्हणजे तीन उरले, 'अं' म्हणजे निव्वळ अंदाज. अक्षर उत्तर पाहण्यापूर्वी लिहावयाचे. नंतर लिहिले तर मनुष्य स्वतःशीच लबाडी करतो. मग प्रत्येक गटात किती सोडविले आणि किती बरोबर आले ते मांडावे. आठ-दहा पत्रिका झाल्या म्हणजे चित्र दिसू लागते. 'दो' गटात निम्म्याच्या आसपास उत्तरे बरोबर येत असतील तर परीक्षेत तो गट निःशंक सोडवावा. तृतीयांश येत असतील तरीही सोडवावा, लाभ थोडा एवढेच. चतुर्थांशाच्याही खाली येत असतील, तर ते खोडणे नव्हे, सापळ्यात पाय घालणे आहे. तो विषय पुन्हा वाचावा. एकाच मुलाची इतिहासात एक गत आणि अर्थशास्त्रात दुसरी असते, म्हणून विषयवार रकाने पाडलेले बरे.

राहिला निव्वळ अंदाजाचा गट. सरासरीने शून्य, असे मी म्हटले. पण परीक्षा वर्षातून एकदा येते आणि सरासरी तेवढ्यात भेटेलच असे नाही. नागरी सेवेच्या पत्रिकेत असे वीस प्रश्न ठोकले तर पाच बरोबर येऊन हिशेब फिटेल. परंतु दोनच आले तर आठ गुण जातील, आठ आले तर आठ गुण मिळतील. दोन्ही गोष्टी घडण्याजोग्या आहेत. म्हणून आपली पत्रिका मनाजोगी झाली आहे, गुणरेषा पार होईल असे वाटते, त्याने या वीसांकडे पाहूसुद्धा नये. ज्याला आपण काठाच्या बरेच खाली आहोत असे दिसते, त्याने हा डाव टाकण्यात मात्र वावगे काही नाही. त्याच्याजवळ गमावण्यासारखे थोडेच असते. पण हा डाव आहे, बुद्धीचे काम नव्हे, हे ओळखून टाकावा.

काही परीक्षांत हा सगळा विचार करावयास वेळच नसतो. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात तासाभरात शंभर प्रश्न, म्हणजे एकास छत्तीस सेकंद. तेथे अडलेल्या प्रश्नापाशी घुटमळण्याने अर्ध्या गुणाच्या कपातीपेक्षा जास्त नुकसान होते, कारण पुढचे सोपे प्रश्न न वाचताच राहतात. नागरी सेवेत एका प्रश्नास बहात्तर सेकंद मिळतात. तेथे दोन फेऱ्या सहज होतात. पहिल्या फेरीत 'ख' गटाची वर्तुळे भरावी, इतरांवर पत्रिकेतच अक्षर लिहावे, आणि दुसऱ्या फेरीत 'दो' गट घ्यावा. वर्तुळ शाईने काळे केले की पुसता येत नाही, तेव्हा डगमगता हात पहिल्या फेरीत उत्तरपत्रिकेवर नेऊच नये. संगणकावरील परीक्षेत उलटी अडचण आहे. राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या परीक्षांत 'पुन्हा पाहण्यासाठी' अशी खूण केलेला प्रश्न उत्तर निवडून ठेवला असेल तर तपासला जातो, आणि चुकला तर गुणही जातात. पुढे पाहू म्हणून निवडून ठेवलेले आणि मग विसरलेले असे प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत एकदा उघडून पाहावेत, आणि ज्यांच्यावर 'अं' लिहावे लागेल त्यांची निवड काढून टाकावी.