प्रौढांस इंग्रजी शिकवूं इच्छिणारांसाठीं

इंग्रजी येणें आणि इंग्रजी शिकवितां येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें लहान मुलांच्या बाबतींत आपण चटकन् मान्य करतों. पहिलीच्या वर्गावर विनाशिक्षणाचा मास्तर कोणी पसंत करणार नाहीं. परंतु शिकणारा चाळिशीचा असला, कीं घरांतला कोणीहि पदवीधर त्याला शिकवूं शकेल असें आपण खुशाल गृहीत धरतों. निवृत्त झालेले काका किंवा एम. ए. झालेली सूनबाई यांनीं संध्याकाळीं एक वर्ग काढावा, अशी सूचना अनेक घरांत होते. सूचना चांगलीच आहे. पण त्यापूर्वी कांहीं महिने नव्हे, तरी कांहीं आठवडे स्वतः शिकण्याची तयारी पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

छत्रपती संभाजीनगरांत (२०२३ पर्यंतचें औरंगाबाद) अशा वर्गाची गरज डोळ्यांना दिसते. वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील कारखान्यांतील कारागीर, वेरूळ-अजिंठ्याच्या प्रवाशांवर ज्यांचा चरितार्थ चालतो ते लोक, रुग्णालयांतील परिचारिका, आणि जिची नातवंडें परदेशीं वाढत आहेत अशी एखादी आजी. या सर्वांस इंग्रजी हवें आहे, पण प्रत्येकास निराळें. त्यांतून हें शहर दोन भाषांचें. १९४८ पर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें, आणि त्या राज्यांत १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठानें उर्दू हें शिक्षणाचें माध्यम व इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवला होता. आजहि येथील वर्गांत मराठी व उर्दू बोलणारे शेजारीं शेजारीं बसतात. शाळाशिक्षकांना इंग्रजीचें अध्यापन शिकविणारी शासनाची संस्थाहि याच शहरांत काम करीत आली. पण ती खटपट मुलांसाठीं. प्रौढाची गोष्ट वेगळी. मूल रडतें, हट्ट करतें. प्रौढ मनुष्य अपमान झाला तरी तक्रार करीत नाहीं. तो फक्त दुसऱ्या दिवशीं येत नाहीं. एका वर्गांत आम्ही असें पाहिलें, कीं केस पिकलेल्या एका गृहस्थांची चूक सर्वांसमक्ष फळ्यावर लिहून तीवर हंशा पिकविण्यांत आला. ते गृहस्थ पुढील आठवड्यांत दिसले नाहींत. कदाचित् इंग्रजीचें त्यांच्या आयुष्यांतील दारच त्या दिवशीं लागलें असेल.

प्रौढांच्या शिक्षकांसाठीं आरंभीचें शिक्षण असावें ही कल्पना व्यवहारांत आणणारांत जॉन हेक्राफ्ट यांचें नांव प्रथम घेतलें जातें. ते व त्यांच्या पत्नी ब्रिटा यांनीं १९५३ सालीं स्पेनमधील कोर्दोबा येथें इंग्रजीची शाळा काढली होती. पुढें लंडनला आल्यावर १९६२ सालीं त्यांनीं शिक्षकांसाठीं अवघा दोन आठवड्यांचा शिक्षणक्रम चालविला. त्याच परंपरेंतून आजची, केंब्रिज विद्यापीठाची ‘सेल्टा’ नांवाची परीक्षा आली. तिच्यांत किमान १२० तासांचें शिक्षण, चार लेखी निबंध आणि सहा तास प्रत्यक्ष प्रौढ विद्यार्थ्यांना शिकविणें असतें. हे सहा तासच खरे कसोटीचे. मागें परीक्षक व सहाध्यायी टिपणें करीत बसलेले असतात, आणि तास संपल्यावर आपण किती अनावश्यक बोललों हें ऐकून घ्यावें लागतें. विद्वान् मंडळींस हें जड जातें.

अशा शिक्षणांत पुष्कळदां पहिल्याच दिवशीं एक धडा कोणासच न येणाऱ्या भाषेंत देतात. हा प्रयोग घरींहि करण्यासारखा आहे. ओळखीच्या एखाद्या तमिळ किंवा बंगाली बाईंना वीस मिनिटें केवळ त्यांच्या भाषेंत शिकविण्याची विनंति करावी. तिसऱ्या मिनिटास कपाळावर घाम येतो, आणि मग आपला विद्यार्थी गप्प कां बसतो याचा उलगडा होतो.

दुसरी मोलाची शिकवण म्हणजे ‘समजलें का?’ असें न विचारणें. आपल्याकडील प्रौढ मनुष्य शिक्षकाचा मान राखण्यासाठीं ‘हो’च म्हणणार. ‘आय यूज्ड टु लिव्ह इन पैठण’ हें वाक्य शिकविल्यावर ‘हा मनुष्य आज पैठणास राहतो काय?’ असें विचारावें. उत्तरावरून अर्थ पोंचला कीं नाहीं तें कळतें.

पुस्तकी शिक्षणक्रमांत न सांपडणारी बाजू मात्र आपली आपणच अभ्यासली पाहिजे, आणि तेथें मराठी शिक्षकास परक्यापेक्षां अधिक सोय आहे. ‘यू’ हा एकच शब्द घ्या. तू, तुम्ही, आपण अशा पायऱ्या जन्मापासून पाळणाऱ्या मनुष्याची जीभ साहेबास ‘यू’ म्हणतांना अडते. म्हणून तो वाक्यागणिक दोनदां ‘सर’ म्हणतो. त्याला हंसूं नये. इंग्रजीनें आपला आदर ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’ अशा रचनांत ठेवला आहे, हें त्याला प्रथमच दाखवावें. त्याचा अर्धा संकोच तेथेंच जातो. उर्दू बोलणारास काल आणि उद्या यांसाठीं ‘कल’ हा एकच शब्द पुरतो, तेव्हां ‘यस्टर्डे’ व ‘टुमारो’ यांची अदलाबदल त्याच्याकडून होऊं शकते. मराठी बोलणाराकडून ती सहसा होत नाहीं. उलट ‘झेड’चा उच्चार उर्दू बोलणारास सहज साधतो, मराठी माणूस तेथें ‘झ’ म्हणतो. कांहीं उर्दूभाषी ‘इस्टेशन’ म्हणतात, मराठीभाषी ‘स्टेशन’ सरळ उच्चारतो. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ यांत मात्र दोघेहि सारखेच घोटाळतात. अशा वर्गांत दोघांना एका बाकावर बसवावें; एकमेकांचे शिक्षक ते आपोआप होतात.

मातृभाषेचा एक शब्दहि वर्गांत नको, असा कांहीं कडव्या मंडळींचा आग्रह असतो. तो आम्हांस मान्य नाहीं. एका मराठी शब्दानें दहा मिनिटांचे हातवारे वांचत असतील तर तो शब्द बोलावा. पण तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या वळणानें संबंध तास भाषांतरांत घालवूं नये. तिच्यावर पिढ्या शिकल्या खऱ्या, तथापि त्यांची गरज वाचण्या-लिहिण्याची होती, आणि परिचारिकेस रुग्णाच्या नातलगांशीं उभ्याउभ्या बोलावयाचें असतें.

ज्यांना परीक्षेचा खर्च व वेळ झेपत नाहीं त्यांनीं निदान एका अनुभवी शिक्षकाचे चार-सहा तास मागच्या बाकावर बसून पाहावे, मग आपला तास त्याला पाहूं द्यावा. विद्यार्थी जमल्यावर पहिल्या दिवशीं पुस्तक उघडूं नये. कोणास, कोठें, कोणाशीं इंग्रजी बोलण्याची वेळ येते हें प्रत्येकास त्याच्या भाषेंत विचारून लिहून घ्यावें, आणि कारखान्यांतील मंडळींची या आठवड्याची पाळी कोणती तेंहि त्याच कागदावर टिपावें.