शीळ येते कुठून?

पावसाळा लागला की आंबोलीत, महाबळेश्वरात, भीमाशंकरच्या रानात पहाटे, नीट उजाडलेलंही नसताना, ओढ्याच्या अंगाने शीळ ऐकू येते. ती ठरलेल्या चालीत नसते. चार सूर वर चढते, मध्येच रेंगाळते, भलत्याच सुरावर उतरते. विसरलेलं गाणं आठवत कुणी माणूसच चाललाय, असं वाटावं! इंग्रजांनी तर या पक्ष्याला 'शीळ घालणारा शाळकरी पोरगा' असंच नाव दिलं. आपला हा शीळकरी कस्तूर. अंगाने काळानिळा, कपाळावर आणि खांद्यांवर लखलखती निळाई.

पण ओठ नसताना शीळ घालायची कशी? चोचीचा काही चंबू होत नाही.

शीळ चोचीत तयार होतच नाही, ती छातीतून येते! आपलं स्वरयंत्र गळ्यात, श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला. पक्ष्यांचं थेट खाली, श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे. त्याला शब्दिनी म्हणतात. फाटे दोन, म्हणून आवाज निघायच्या जागाही दोन. आणि गाणाऱ्या पक्ष्यांना त्या दोन्ही वेगवेगळ्या चालवता येतात. एकाच छातीत दोन बासऱ्याच म्हणा ना! अमेरिकेतला वुड थ्रश तर एकाच वेळी दोन निरनिराळे सूर लावतो. स्वतःच गायचं आणि साथही स्वतःच करायची. कुठल्या गवयाला हे साधेल?

त्याहून मला थक्क करते ती यांची तालीम. गाणाऱ्या पक्ष्यांची पिलं गाणं शिकतात. आधी मोठ्यांचं ऐकून मनात साठवायचं, मग पुटपुटायचं, चुकायचं, पुन्हा घोटायचं. झेब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्यावर 2000 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन वाचून तर मी थबकलोच. गाताना त्याच्या मेंदूतल्या पेशी ज्या क्रमाने चेततात, जवळजवळ तोच क्रम तो झोपेत असतानाही उमटतो. पक्षी झोपलाय आणि मेंदूत रियाज चालू आहे!

आणि दाट झाडीत ही शीळ विरत कशी नाही? लांबवलेला, एकाच पट्टीचा सूर खोडांवर, पानांवर आपटून परततो, तेव्हा त्याचा प्रतिध्वनी त्याच सुरात मिसळतो. रान सूर मोडत नाही, उलट भरतं.

पावसाळ्यात घाटात मुक्काम असेल, तर उजाडायच्या आत ओढ्याजवळ जा आणि ऐका. फक्त एक करा, त्याला बोलवायला मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवू नका. हद्दीत दुसरा कस्तूर शिरला असं त्याला वाटतं, आणि ऐन विणीच्या दिवसांत घरट्याकडे बघायचं सोडून तो त्या नसलेल्या वैऱ्याला शोधत फिरतो.