एका मिनिटाला पन्नास श्वास

सेकंदकाटा असलेले घड्याळ समोर ठेवून स्वस्थ बसा आणि एका मिनिटात आपण किती वेळा श्वास घेतो ते मोजा. छाती एकदा वर येऊन खाली गेली म्हणजे एक श्वास झाला. तुमचे उत्तर बहुधा १२ ते २० यांच्या दरम्यान येईल. घरात तान्हे बाळ असेल तर ते शांत झोपलेले असताना त्याचेही श्वास मोजा. नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० श्वास घेते. बाळाचे फुप्फुस लहान असते आणि शरीर मात्र झपाट्याने वाढत असते. साहजिकच त्याला भराभर श्वास घ्यावा लागतो.

ही मोजणी पहिलीतल्या मुलालाही जमेल इतकी सोपी आहे. पण हिच्याच आधारे एका अत्यंत घातक रोगाचे निदान करता येते आणि तेही डॉक्टर, क्ष-किरण यंत्र किंवा प्रयोगशाळा जवळ नसताना. तो रोग म्हणजे न्यूमोनिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ या एका वर्षात जगातील पाच वर्षांखालील सुमारे ७ लाख ४० हजार मुले या रोगाने दगावली. त्यांतील बहुसंख्य मुले गरीब देशांतील होती.

छातीत काय घडते?

आपल्या फुप्फुसात कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. श्वासाबरोबर आलेल्या हवेतील प्राणवायू या कोशांच्या पातळ भिंतींतून रक्तात शिरतो. जीवाणू किंवा विषाणू तेथे पोचून वाढू लागले, की शरीर त्यांच्याशी लढू लागते. या लढाईत वायुकोशांत द्रव आणि पू साठतो. द्रवाने भरलेल्या कोशात हवेला जागा उरत नाही आणि फुप्फुस ताठर बनते. ताठर फुप्फुस खोल श्वास घेऊन फुगवण्यास फार श्रम पडतात, म्हणून शरीर उथळ पण भराभर श्वास घेऊ लागते. रोग बळावला की प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. खेड्यात आया म्हणतात, ‘बाळाचे पोट उडते आहे.’ काही भागांत या दुखण्याला ‘डबा’ असेही नाव आहे. म्हणजे शास्त्रज्ञांनी ज्या लक्षणाचा पुढे अभ्यास केला, ते आयांच्या नजरेला आधीपासूनच दिसत होते.

अडचण कोठे आहे?

बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर हे गाव पाहा. नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात, नीरा-बारामती रस्त्यावर ते वसलेले आहे. येथून बारामतीची रुग्णालये गाठायला वाहन मिळू शकते. पण याच पट्ट्यात सोमेश्वर साखर कारखाना आहे. गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगार आपल्या कुटुंबांसह अशा कारखान्यांच्या परिसरात येतात आणि कोप्यांत राहतात. थंडीचे दिवस, चुलीचा धूर, दाटीवाटी आणि अपुरे पोषण या चारही गोष्टी न्यूमोनियाला पोषकच. अशा कोपीत रात्री बाळ खोकू लागले तर आईपुढे पहिला प्रश्न उभा राहतो, की हे साधे पडसे आहे की काही गंभीर? पडसे असेल तर उजाडेपर्यंत थांबता येते. न्यूमोनिया असेल तर थांबणे जिवावर बेतते.

जेथे पक्का रस्ता आहे तेथेही हा प्रश्न सुटत नाही. मग जेथे रस्ता, वाहन आणि डॉक्टर यांतले काहीच नाही, तेथे काय करायचे? याचे उत्तर आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला शोधले गेले. पण त्यासाठी लागणारा पहिला दुवा आला तो प्रशांत महासागरातील एका बेटावरून.

पन्नास हा आकडा कोठून आला?

पापुआ न्यू गिनी या डोंगराळ देशातही डॉक्टर थोडे आणि न्यूमोनिया फार अशीच स्थिती होती. तेथील गोरोका या गावी फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकला असलेल्या मुलांचे श्वास मोजले आणि स्टेथोस्कोपने छाती तपासल्यावर काय आढळते याच्याशी ते ताडून पाहिले. १९८४ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटाला पन्नासच्या वर गेला, तर फुप्फुसात बिघाड असण्याचा संभव बराच वाढतो, असे त्यांना दिसून आले.

येथे थोडा विचार करा. ही सीमा पन्नासऐवजी तीसवर ठेवली असती तर? पडसे झालेली अनेक निरोगी मुलेही रोगी ठरली असती आणि त्यांना विनाकारण औषध मिळाले असते. सत्तरवर ठेवली असती तर खरी रोगी मुले हातची सुटली असती. कोणतीही कसोटी या दोन चुकांमध्ये तोल सांभाळत असते. पुढे वयानुसार सीमा ठरवण्यात आल्या. दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४०. मिनिटाला इतके किंवा याहून अधिक श्वास म्हणजे ‘जलद श्वास’.

गडचिरोलीचा प्रयोग

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. घनदाट जंगल, विरळ वस्ती आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते ही त्याची ओळख. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ साली येथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बालमृत्यूंची नोंद ठेवताना न्यूमोनिया हे एक मोठे कारण आहे, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी प्रश्न मांडला, की गावातल्याच माणसांना निदान आणि उपचार शिकवले तर मृत्यू कमी होतील काय?

नुसत्या उत्साहाने असा प्रश्न सुटत नाही, त्यासाठी तुलना हवी. त्यांनी ५८ गावांत निमवैद्यकीय कर्मचारी, गावातील आरोग्यसेवक आणि परंपरागत दाया यांना प्रशिक्षण दिले. न्यूमोनिया कसा ओळखावा हे पालकांनाही समजावून सांगितले. शेजारच्या ४४ गावांत पूर्वीचीच व्यवस्था राहिली. औषध होते को-ट्रायमोक्सॅझोल हे स्वस्त प्रतिजैविक.

निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित माणसांनी न्यूमोनिया झालेल्या ६१२ मुलांवर उपचार केले आणि त्यांतील केवळ ०.८ टक्के दगावली. तुलनेच्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होते. एका वर्षानंतर दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू प्रयोगाच्या गावांत ८.१ होते, तर दुसऱ्या गावांत १७.५. किती टक्के फरक पडला ते वहीत काढून पाहा. उत्तर सुमारे ५४ येईल. आणि खर्च? वाचलेल्या प्रत्येक मुलामागे औषधावर अवघे २.६४ डॉलर.

दहापर्यंत मोजता आले की पुरे

आणखी एक अडचण होती. दाया अनुभवी होत्या, पण त्यांतील अनेक जणी निरक्षर होत्या. पन्नास-साठपर्यंत न चुकता मोजणे त्यांना अवघड जाई आणि जवळ घड्याळही नसे. यावर बंग दांपत्याने एक सुटसुटीत साधन तयार केले. १९९२ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. पाटीला मणी असतात तशा मण्यांच्या दोन ओळी आणि सोबत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. एक ओळ दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी आणि दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. घड्याळ उलटे करायचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा.

वाळूच का वापरली असेल? तळाशी भोक असलेल्या डब्यातून पाणी सोडले तर पातळी उतरेल तशी धार मंदावते. वाळूचे तसे होत नाही. वरच्या कणांचा बराचसा भार नळीच्या भिंती पेलून धरतात, त्यामुळे भोकाशी पडणारा दाब वाळूच्या उंचीवर फारसा अवलंबून राहत नाही. वाळू अगदी शेवटपर्यंत जवळजवळ एकाच वेगाने पडते. शिवाय तिला किल्ली द्यावी लागत नाही आणि तिचा सेलही संपत नाही.

मतभेदाचा मुद्दा

दाईच्या किंवा गावातल्या कार्यकर्त्याच्या हाती प्रतिजैविक द्यावे काय? प्रश्न रास्त आहे. जलद श्वास म्हणजे हमखास न्यूमोनिया नव्हे. रडणे, ताप, दमा यांनीही श्वास वाढतो. विषाणूंवर प्रतिजैविकांचा काही परिणाम होत नाही आणि त्यांच्या अतिवापराने जीवाणू निर्ढावतात, हा धोका आज तर अधिकच जाणवतो आहे. म्हणूनच आधी मोजणे आणि मगच औषध देणे, या क्रमाला महत्त्व आहे. न मोजता प्रत्येक खोकल्याला औषध देणारा माणूस शिकलेला असला तरी चूकच करतो. नियम पाळून मोजणारी बाई निरक्षर असली तरी काटेकोर निदान करते, हे गडचिरोलीच्या आकड्यांनी दाखवून दिले.

या कामाचा पुढचा टप्पा नवजात बाळांचा होता. १९९५ पासून ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेतली. जंतुसंसर्गावरचे इंजेक्शन देण्यासही त्या शिकल्या. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजारी ६२ वरून तीन वर्षांत सुमारे २५ वर आले. २०११ साली भारत सरकारने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला आणि ते काम ‘आशा’ कार्यकर्त्यांवर सोपवले. बाळंतपणानंतर तुमच्या घरी किंवा शेजारी येणारी आशाताई बाळाचे श्वास मोजताना दिसली, तर तिच्या त्या एका मिनिटामागे हा सारा इतिहास आहे.

अर्थात मोजणी म्हणजे सर्व काही नव्हे. छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल किंवा निपचित पडले असेल, तर रुग्णालयाला पर्याय नाही. तेथे प्राणवायूही लागतो. को-ट्रायमोक्सॅझोलची जागा आता अमॉक्सिसिलिनने घेतली आहे. न्यूमोनियाच्या दोन प्रमुख जीवाणूंविरुद्धच्या लसी सरकारी लसीकरणात मोफत मिळतात. धूर नसलेले स्वयंपाकघर आणि आईचे दूध यांचाही या बचावात मोठा वाटा आहे.

करून पाहा

१. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. झाकणे पाठीला पाठ लावून चिकटवा आणि मधोमध खिळ्याने भोक पाडा. नदीची वाळू धुऊन, वाळवून, बारीक चाळणीने चाळून भरा. वाळू पडायला नेमके एक मिनिट लागेपर्यंत तिचे प्रमाण कमीजास्त करा. दहा वेळा मोजून सरासरी काढा.

२. जाड तारेत पाच मणी ओवा आणि शेवटचा लाल घ्या. वडीलधाऱ्यांच्या परवानगीने घरातील किंवा शेजारच्या झोपलेल्या लहान मुलाचे श्वास मोजा.

३. तेच श्वास १५ सेकंद मोजून चारने गुणा. एका श्वासाची चूक झाली तर काय होते ते पाहा. १२ ऐवजी १३ मोजले की ४८ चे ५२ होतात आणि निरोगी बाळ रोगी ठरते! लहान बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो. त्यामुळे मोजायचे ते पूर्ण एक मिनिट आणि बाळ शांत असतानाच.

आकडा सीमेपलीकडे गेला तर पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही तसाच आला तर स्वतः औषध देऊ नका. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात लगेच कळवा आणि बाळाचे वय व मोजलेला आकडा न विसरता सांगा.